तलावातली रेंज

मु. पळसबोडी, ता. सिंदेवाही
पाडव्यानंतरचा दहावा दिवस

चिरंजीव सुरेंद्र यास,

तुझ्या इस्तारी भाऊजीचा आशीर्वाद घ्यावा. पुरता घ्यायचा की अर्धा ते तुझं तू ठरव, कारण तू आमच्यावर रागावला आहेस हे इकडे सगळ्या गावाला समजलं आहे आणि रागावलेल्या माणसावर सगळा आशीर्वाद एकदम टाकणं मला बरं दिसत नाही. तुला, सौ. मंजुळाला आणि लेकरांना वरंगलचं पाणी सोसत असेल अशी आशा आहे. तिकडचं तिखट जपून खा. तुझं पोट लहानपणापासून नाजूक आहे, हे मी म्हणत नाही, तुझी बहीण म्हणते आणि जो घरी येईल त्याला सांगते (पोस्टमनला दोनदा सांगून झालं). इकडे सगळे खुशाल आहेत. माझा गुडघा होता तसाच आहे. म्हैस व्याली, पारडी झाली. तुझी भाची डिंपल बरी आहे, तिच्याबद्दल पुढे येतं. तुझी ताई गिरजाही बरी आहे, आणि हे सगळं पत्र तिच्याबद्दलच आहे. राहता राहिला तू दिलेला फोन. मधे त्याची प्रकृती फार बिघडली होती, आता उतार आहे.

मागच्या भाऊबीजेला तू तो फोन ओवाळणीच्या ताटात ठेवलास. तुझ्या बहिणीनं आधी साडी शोधली हे तुझ्या लक्षात आलं नसेल. तिनं ताट उचलून ताटाखालीसुद्धा पाहिलं. तू म्हणालास, ताई, हा स्मार्ट फोन आहे, याला बटणं नसतात, हा काचेवर काडी टेकवून चालतो, आता आपण रोज बोलत जाऊ. मग तू आपला स्वतःचा नंबर त्यात टाकून दिलास. सिंदेवाहीच्या स्टेशनावर गाडी यायच्या आधी तू तुझ्या फोनवरून याला लावून दाखवलास, तो वाजला, आणि गिरजा इतक्या जोरानं हालो म्हणाली की फोनची गरजच नव्हती, तू तिच्या हाताच्या अंतरावर उभा होतास. फलाटावरच्या लोकांनी वळून पाहिलं. (हा प्रसंग लक्षात ठेव, शेवटी त्याचं काम आहे.) त्या फोनची काडी पहिल्याच आठवड्यात हरवली. माझा संशय म्हशीवर आहे. गिरजा सरपणाला जंगलात गेली तेव्हा तिला सायाळीचा एक काटा पडलेला सापडला, तिनं त्याचं टोक दगडावर घासून बोथट केलं, आणि तेव्हापासून तुझा हुशार फोन सायाळीच्या काट्यानं चालतो. काडीपेक्षा बरा चालतो. मात्र एकदा काटा कुठेतरी रुतला आणि फोनचा आवाज मोठा होऊन बसला. आता फोनमधला माणूस बोलला की भजनाच्या भोंग्यातून बोलल्यासारखा दूरवर ऐकू येतो, आणि ते कमी कसं करायचं हे आम्हाला सापडलेलं नाही.

आता तुझ्या रागाचं. तू वरंगलला गेलास आणि इकडे फोन मुका झाला. आपलं गाव कसं बसलं आहे ते तुला ठाऊक आहे, मागे डोंगरी, बाजूला सागाचं रान, पुढे तलाव. टॉवर आहे तो सिंदेवाहीला. त्याची रेंज डोंगरीच्या पलीकडे येऊन थांबते, गावात उतरत नाही. आम्हाला वाटलं तुला काम असेल. तुला वाटलं आम्हाला माज आला. मग होळीला आपल्या गावातला श्रावण वरंगलकडून मिरची तोडून परत आला (यंदा अर्धं गाव तिकडे मिरची तोडायला गेलं होतं, पोरींची बोटं अजून जळतात) आणि त्यानं पाण्याचा पेला हातात घेऊन, न पिता, तुझा निरोप सांगितला. "सुरेंद्रभाऊनं सांगतलं का म्या शंभरदा फोन लावला, लागत नाई. ताईले फोन देल्ला तरी ताई फोन करत नाई. मोठी झाली आता ते. ते सोता फोन करन तवाच मी पळसबोडीत पाय ठेवीन, नाई त नाई." सांगताना त्यानं तुझ्यासारखी मान पण हलवली. हुबेहूब हलवली. मला हसू आलं होतं, पण गिरजाकडे पाहिलं आणि गिळून टाकलं.

कारण त्याच आठवड्यात डिंपलचं कुरखेड्याला पक्कं झालं होतं. पोरगा चांगला आहे, भातगिरणीवर आहे, बोलतो कमी (आपल्या घरात येऊन गेल्यावर सगळेच कमी बोलतात). लग्न वैशाखात. आणि आपल्याकडे नवरीला मांडवात मामा आणतो. डिंपलला मामा एकच आहे आणि तो वरंगलला रुसून बसला आहे. मी म्हटलं, गिरजा, मी चिठ्ठी टाकतो. नाही म्हणाली. म्हटलं, श्रावण पुन्हा जाणार आहे, त्याच्या हाती निरोप देऊ. तरी नाही. म्हटलं, मी स्वतः गाडीनं जाऊन पाय धरून आणतो. तर तिनं माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "त्याले फोनच पायजे ना? मंग फोनच देतो. माह्या भावाले मी माह्या तोंडानं बोलावीन." म्हटलं, मग सिंदेवाहीला जाऊन लाव, तर लग्नाचं बोलावणं बाजारातून देत नाहीत म्हणाली. झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात रेंज शोधणं सुरू झालं, आणि इतर कामं जमली तर होऊ लागली.

पहिल्यांदा ती छपरावर चढली. तीन कवेलू फुटले, रेंज नाही. मग मोहाच्या झाडावर मला चढवलं. फुलांचे दिवस, खाली बायका मोहफुलं वेचत होत्या, आणि वर मी फोन हातात धरून बसलेला. त्यांना वाटलं मी झाड हलवून देतो आहे, तेव्हा त्या आणखी जवळ आल्या आणि मला खाली उतरता येईना. मग गिरजानं लांबलचक बांबू आणला, फोन फडक्यात गुंडाळून टोकाला बांधला आणि तलावाच्या पाळीवर, बांधाच्या सगळ्यात उंच जागी, उभा केला. वर गेल्याबरोबर फोन टुंग वाजला. सगळ्यांना आनंद झाला. मग लक्षात आलं की रेंज वर आहे आणि कान खाली आहेत. बांबू खाली घेतला की रेंज जाई, वर केला की येई. असं आम्ही उन्ह चढेपर्यंत केलं. शेजारचा देवराव म्हणाला, शिडी लावून बांबूवर चढा. तो थट्टेत म्हणाला होता, पण गिरजानं बांबूकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यावरून मी बांबू त्याच दिवशी फाडून त्याची टोपली करून टाकली.

आणि मग ती रेंज सापडली, सुरेंद्र, जिथे कोणी शोधली नसती तिथे. आम्ही जाळं काढायला डोंग्यातून निघालो होतो. मी पुढे, ती मागे वल्हं मारत, फोन तिच्या कमरेच्या बटव्यात. तलावाच्या मधोमध ऐनाचं एक बुडालेलं खोड आहे, तिथे आपण जाळं टाकत नाही कारण फाटतं. त्या खोडाजवळून डोंगा गेला आणि बटवा थरथरला. गिरजानं वल्हं थांबवलं. फोनवर कंपनीचे संदेश एकामागून एक येऊन पडत होते, भाऊबीजेपासून साठलेले सगळे. कंपनीनं तिचं अभिनंदन केलं होतं, कशाबद्दल ते कळलं नाही. नंतर तिनं मला जे करायला लावलं ते मी आपल्या आयुष्यात फक्त मोठ्या मासोळीसाठी केलं आहे. डोंगा हळूहळू गोल फिरवायचा, वल्ह्याचा आवाज करायचा नाही, बोलायचं नाही, खोकायचं नाही. रेंज जिथे दाट होती तिथे तिनं बांबू रोवला आणि त्याला लाल चिंधी बांधली, आपण जाळ्याच्या जागेला बांधतो तशी. ती आता रेंजची जागा.

त्यानंतर गिरजानं रेंजचा स्वभाव ठरवला. ती म्हणते, रेंज सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी वर येते, भर दुपारी तळाला बसते. जवळ जायचं तर पूर्वेकडून जायचं आणि वल्हं आपटायचं नाही, नाही तर पळते. वारा सुटला की कडेला सरकते. हे सगळं मासोळीचं शास्त्र आहे आणि ती ते रेंजला लावते आहे हे मला कळत होतं, आणि मी मनातल्या मनात पुष्कळ हसून घेतलं. मग एके दिवशी तिला न सांगता भर दुपारी खोडापाशी जाऊन आलो. रेंज नव्हती. मी कोणाला सांगितलं नाही. (मधे एक भानगड माझ्या हातून पण झाली. फोननं तीन-चार कंपन्यांची नावं दाखवली आणि कोणती पाहिजे विचारलं. मला वाटलं आपल्याला मान देतो आहे, मी त्यातलं जे नाव वाचायला चांगलं वाटलं त्यावर काटा टेकवला. ती आपली कंपनी नव्हती. फोननं दोन दिवस कुणाला घरात घेतलं नाही. पत्रूनं ते सरळ केलं. पत्रू म्हणजे सिंदेवाहीच्या बाजारात पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा तो, माझं घड्याळ अजून त्याच्याकडेच आहे. आता मोबाईल दुरुस्त करतो.)

रेंज सापडल्याची बातमी लपत नाही. दुसऱ्या आठवड्यात खोडाभोवती चार डोंगे दिसू लागले. कोणाचा पोरगा पुण्याला, कोणाची लेक ब्रह्मपुरीला, सगळे मधोमध येऊन हालो हालो करत. यावर आपल्या मच्छीमार संस्थेची सभा लागली. संस्थेचे अध्यक्ष भैयाजी तुला माहीत आहेत, लग्नात पंगत वाढतानासुद्धा ठराव मांडतात. त्यांचं म्हणणं असं की तलावाचा ठेका संस्थेकडे आहे, तलावातलं जे निघेल ते संस्थेचं, मासोळी असो, शिंगाडा असो, कमळाचं देठ असो; तर मग तलावात निघालेली रेंज पण संस्थेची, आणि सभासद नसलेल्यानं ती विनापरवानगी धरू नये. देवराव म्हणाला, रेंज पाण्यात नाही, पाण्याच्या वर आहे. वर बगळे पण असतात, ते कुठे संस्थेचे आहेत? त्यावर बगळ्यांवर बरीच चर्चा झाली. भैयाजींचं उत्तर होतं की बगळा उडून जातो, रेंज तिथेच राहते, म्हणून रेंज ही शिंगाड्यासारखी धरली पाहिजे. सभेतले पुष्कळ जण माना डोलवायला लागले. खरं सांगतो, मलाही क्षणभर पटलं होतं.

तेव्हा बायकांच्या बाजूनं गिरजा उठली. तुझी बहीण सभेत उठली की मी खाली पाहतो, ही माझी जुनी सवय आहे, पण या वेळी कान उघडे ठेवले. "भैयाजी, रेंज संस्थेची हाय ना? लिहून घ्या, संस्थेचीच हाय. आता माह्या भावाले फोन लागत नाई, तो लावून द्या. संस्थेचं जाळं फाटलं त संस्था शिवून देते का नाई? मंग संस्थेची रेंज बिघडली त कोन दुरुस्त करन?" भैयाजींनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि म्हणाले की हा विषय पुढच्या सभेत घेऊ, तोपर्यंत रेंज सर्वांना मोकळी आहे, फक्त जाळी टाकण्याच्या वेळेला घंटा वाजवू नये. सुरेंद्र, माझं या बाईशी लग्न होऊन डिंपलच्या वयापेक्षा जास्त वर्षं झाली, पण त्या दिवशी घरी येताना मी तिच्या मागे दोन पावलं चाललो, आणि मुद्दाम चाललो.

आता तू म्हणशील, रेंज सापडली तर फोन का आला नाही. तेच तर गिरजा सभेत म्हणाली. रेंज दाट, काटा बरोबर, तुझ्या नावावर टेकवला, आणि पलीकडून तू नाही, एक बाई बोलली की आपण लावलेला क्रमांक तपासून पाहा. गिरजानं तिला समजावून सांगितलं की तपासला आहे, भावानं स्वतःच्या हातानं टाकला आहे. बाईनं ऐकलं नाही. चार संध्याकाळी ती एकच गोष्ट सांगत राहिली. शेवटी आम्ही फोन घेऊन पत्रूकडे गेलो. त्यानं नंबर पाहिला आणि म्हणाला, हा आंध्राचा आहे, दुसऱ्या राज्यातला, याच्या आधी शून्य लावावं लागतं. गिरजानं विचारलं, शून्याची किंमत काय? पत्रू म्हणाला, काही नाही. मग कशाला लावायचं? पत्रू म्हणाला, ते मोजण्यात येत नाही बाई, पण ते लावल्याशिवाय पुढचं जात नाही. मला वाटलं आता ही त्याच्याशी वाद घालणार आणि माझं घड्याळ कायमचं जाणार. पण तिनं फोन बटव्यात ठेवला. मग म्हणाली, "म्हंजे गंगामायची मासोळी."

पत्रू मासे धरत नाही, त्याला काय कळणार, त्यानं गिऱ्हाईक म्हणून मान हलवली. पण तू आमच्यातलाच आहेस. आपल्याकडे जाळ्यातली पहिली मासोळी गंगामायच्या नावानं परत पाण्यात सोडतात. ती मोजण्यात येत नाही, टोपलीत येत नाही, तिचा कोणी हिशेब विचारत नाही. पण ती सोडल्याशिवाय दुसऱ्यांदा जाळं टाकायला कुणाचा हात उचलत नाही. शून्य हे असं आहे, हे माझ्या डोक्यात पत्रूच्या सांगण्यानं शिरलं नव्हतं, तिच्या एका वाक्यानं शिरलं. मी बाजारभर तिच्याकडे बघत राहिलो. कांदे घेताना दोनदा पैसे दिले.

फक्त एक झालं. आपल्या पद्धतीनं समजून घेतलं की चूक पण आपल्या पद्धतीनंच होते. गंगामायला आपण एकच मासोळी सोडतो खरं, पण काम मोठं असलं, घरात लग्नकार्य असलं, तर दोन सोडतो. वरंगल दूर, लग्न लेकीचं, भाऊ रुसलेला. गिरजानं दोन शून्यं लावली. (तीन लावणार होती, काटा घसरला.) आणि फोन वाजला! पलीकडे कोणी पुरुष बोलू लागला. बोली काही कळेना, पण आवाज मोठा होऊन बसलेला असल्यामुळे न कळलेलं सगळं मला पण ऐकू येत होतं. गिरजानं ठरवलं की ही तेलुगू, आणि हा तुझा घरमालक. तिनं त्याला विचारलं, सुरेंद्र आहे का? तो काहीतरी म्हणाला. तिनं सांगितलं, मी त्याची बहीण. तो हसला, फार मऊ हसला. मग तिनं त्याला डिंपलचं लग्न ठरलं ते सांगितलं, पोरगा भातगिरणीवर आहे ते सांगितलं, तुझं पोट नाजूक आहे ते सांगितलं आणि सहकुटुंब यायचं आमंत्रण दिलं. तो माणूस बराच वेळ काही बोलला, मधे मधे थांबून, थोरामोठ्यांनी आशीर्वाद द्यावा तसं. बोलता बोलता आमच्या फोनमधले पैसे संपले आणि तो अर्ध्यात तुटला. गिरजा डोलत घरी आली. दोन दिवस गावात सांगत होती की तेलुगू लोक किती भले असतात, सुरेंद्रला घरमालक देवासारखा मिळाला. मग पत्रूनं पैसे भरताना फोन तपासला आणि कपाळाला हात लावला. दोन शून्यं लावली की फोन भारताच्या बाहेर जातो. तो कोणत्या देशात गेला ते त्याला सांगता येईना, पण तिकडे खजूर पिकतो एवढं त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं. तर अशा रीतीनं डिंपलच्या लग्नाचं पहिलं आमंत्रण समुद्रापलीकडे गेलं आहे आणि मामाला अजून पोचलेलं नाही. तो माणूस आला तर त्याला कुठे झोपवायचं यावर घरात विचार चालू आहे. गिरजा म्हणते, आला तर आला, भला माणूस आहे.

मग एक शून्य लागलं. एकच. दिवेलागणीच्या आधीची वेळ, वारा नाही, पाणी थांबलेलं, डोंगा लाल चिंधीच्या खुंटीला बांधलेला. तिनं काटा टेकवला. घंटा गेली. आणि सुरेंद्र, तू बोललास. तू हालो म्हणालास, आणि तुझा आवाज पाळीपर्यंत गेला. ज्या बाईनं कवेलू फोडले, मला झाडावर चढवलं, भैयाजींना गप्प केलं आणि परक्या देशाला जेवायचं आमंत्रण दिलं, तिच्या तोंडून एक शब्द फुटेना. काटा मुठीत आवळून बसली. तू म्हणालास, कोन? ती गप्प. मी तिला कोपरानं ढोसलं, तरी गप्प. मग तू म्हणालास, "कोन हाय बे तिकडून? बोलत काऊन नाई? मुका हायेस का?" आणि त्यापुढे जे म्हणालास ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या डोंग्यात भैयाजी होते. त्यांना वाटलं संस्थेला कोणीतरी शिव्या दिल्या, ते सरळ पाळीकडे वळले. गिरजानं फोन बंद केला. मला वाटलं हिला वाईट वाटलं. तर ती म्हणाली, "आवाज बारीक झाला त्याचा. जेवत नाई वाटते." आणि सगळ्या वाटेनं हसत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तेच झालं. तिसऱ्या दिवशी पण. तर ऐक, गेल्या काही दिवसांपासून तुला संध्याकाळी जे मुके फोन येतात आणि ज्यांना तू रोज नव्या शिव्या देतोस, ते तुझ्या बहिणीचे आहेत. ती त्या ऐकते, समाधानानं घरी येते आणि दिवा लावते. मी विचारलं, अगं, इतकं करून फोन लावलास तर बोलत का नाहीस? तिनं दिव्याची वात सारली आणि म्हणाली, "बोललो त रडू येईन. मी रडलो त तो घाबरन. तिकडं परक्या मुलखात हाय तो."

मी तिच्यावर हसतो, हे तुला माहीत आहे. आयुष्यभर हसत आलो, आणि तिनं मला हसू दिलं. पण तू तिला मोठी झाली म्हणालास ना, ते खरंच आहे, फक्त तू म्हणालास त्या अर्थानं नाही. आपल्या तलावात कोणाला न दिसलेली गोष्ट तिनं शोधली, तिला खुंटी लावली, आणि आज गावातली प्रत्येक माय तिथे जाऊन आपल्या लेकराशी बोलते. मला तिचा अभिमान वाटतो. हे मी तिला सांगू शकत नाही, तोंड वळत नाही, म्हणून तुला सांगतो. हे पत्र मी तिला न कळवता लिहिलं आहे, चिठ्ठी नको असं तिनं बजावलं होतं.

लेकरांना पापा. सौ. मंजुळाला नमस्कार सांग.

तुझा भाऊजी,
इस्तारी

ता. क. : पत्र तिला सापडलं. बसून, बोट ठेवून, सगळं वाचलं. ती म्हणते, मी काही रडणार बिडणार नव्हते, डोंग्यात पाणी उडालं होतं. घरमालकाची गोष्ट खोडून टाक म्हणाली. मी हो म्हटलं आणि खोडली नाही. तुझं पोट नाजूक आहे हे पुन्हा एकदा लिहायला सांगितलं आहे, ते लिहिलं.

ता. क. दुसरा : लग्न अक्षय तृतीयेनंतरच्या रविवारी. हे ती स्वतः सांगणार आहे, म्हणजे सांगणार नाही, हे तुला आता समजलंच असेल. तेव्हा काम तुझ्याकडे आहे. दिवेलागणीच्या आधी फोन येईल आणि कोणी बोलणार नाही. कोण म्हणून विचारू नकोस. तूच बोल. काय जेवलास ते सांग, लेकरं कशी आहेत ते सांग, आणि म्हण की ताई, मी येऊन राह्यलो. तिला उत्तर द्यायला लावू नकोस, ती ऐकून घेईल. सगळा तलाव ऐकेल, म्हणून मधे कुठेतरी भैयाजींना पण एक रामराम घाल.

ता. क. तिसरा, आणि हा तुझ्यापुरताच : परवा पत्रूनं सहज विचारलं की तुमचे साळेबुवा तिकडून लावतात तेव्हा शून्य लावतात ना? मी घरी येईपर्यंत त्याच्यावरच विचार करत होतो. स्टेशनावर तू बिनशून्याचा लावून दाखवलास तो इथल्या इथे होता, म्हणून वाजला. वरंगलहून पळसबोडी हे पण दुसरंच राज्य आहे. म्हणजे तू जे शंभरदा फोन लावलेस, ते शंभरच्या शंभर तिथून निघालेच नव्हते. आमची रेंज असती तरी आले नसते. हे मी गिरजाला अजून सांगितलेलं नाही. हे कळलं तर तिला रडू येणार नाही, बोलणं येईल, आणि तुझ्याकडे पण सगळ्या वरंगलला ऐकू जाईल. संध्याकाळी ती खुंटीपाशी असते. तिला कळायच्या आत तू आपली एक मासोळी सोड आणि मग फोन लाव.